घसारा वजा जाता

न्यूयॉर्कच्या आकाशाला भोक पडून त्यातून परग्रहवासीयांची फौज खाली उतरू लागली, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की हे नुकसान ‘परकीय शत्रूची कृती’ या अपवादात जाईल की नाही. २०१२ साल होते, ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ लागला होता आणि शेजारच्या खुर्चीवर पाचवीची परीक्षा नुकतीच संपवलेला माझा पुतण्या पॉपकॉर्नचा डबा छातीशी धरून श्वास रोखून बसला होता. त्याच्या डोळ्यांसमोर जगाचा अंत चालला होता. माझ्या डोळ्यांसमोर क्लेम फॉर्म होता.

मी विम्याचा सर्व्हेअर आहे. म्हणजे पॉलिसी विकणारा एजंट नव्हे आणि विमा कंपनीचा नोकरही नव्हे. गाडी ठोकली, दुकान जळले, गोदामात पाणी शिरले की जागेवर जाऊन नुकसान किती झाले, कशाने झाले आणि त्यातले पॉलिसीत किती बसते हे पाहणारा व तसा अहवाल लिहून देणारा परवानाधारक माणूस. सांगलीत राहून तीस वर्षे हेच काम केले. विज्ञानपटांचा किंवा सुपरहिरोंचा मी भक्त नाही. पुतण्याबरोबर कोणीतरी मोठे माणूस हवे म्हणून जाऊ लागलो, पुढे तो मोठा झाला तरी जाण्याची सवय राहिली, आणि असे करता करता वर्षाला दोन-तीन या हिशेबाने बरेच सिनेमे पाहून झाले. कोणता नायक कोणत्या कंपनीच्या कॉमिकमधला, हे मला आजही विचारावे लागते. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते जाणकाराचे मत नाही, पंचनामा लिहिण्याची सवय असलेल्या एका सामान्य प्रेक्षकाचे आहे.

आमच्याकडे आगीची जी प्रमाणित पॉलिसी वर्षानुवर्षे चालत आली, तिची भाषा सिनेमावाल्यांनी एकदा वाचायला हवी, कारण तिच्यात त्यांच्याइतकीच कल्पनाशक्ती आहे. युद्ध, स्वारी, परकीय शत्रूची कृती यांमुळे झालेले नुकसान तिच्यातून वगळलेले असते. विमान, इतर हवाई किंवा अंतराळातील साधने आणि त्यांतून खाली पडलेल्या वस्तू यांमुळे झालेले नुकसान मात्र धरलेले असते. त्यांच्या दाबलहरींनी झालेले तेवढे धरायचे नाही. विमेदाराच्या मालकीचे नसलेले वाहन किंवा प्राणी इमारतीवर प्रत्यक्ष येऊन आदळला, तर तेही भरून मिळते. ही कलमे डोक्यात असलेल्या माणसाने त्या सिनेमातला आकाशातून पोहत येणारा अजस्र चिलखती देवमासा इमारतींना घासत जाताना पाहिला, की त्याचे लक्ष मारामारीत कसे लागावे? तो देवमासा शत्रूचे शस्त्र मानायचा, अंतराळातील साधन मानायचे, की विमेदाराच्या मालकीचा नसलेला प्राणी? पहिला अर्थ घेतला तर इमारतीच्या मालकाला दमडी मिळणार नाही आणि तिसरा घेतला तर सगळी रक्कम मिळेल. घरी परतताना मी हे पुतण्याला समजावून सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “काका, तुम्ही पिक्चर बघायला आलावता का सर्व्हेला?”

प्रश्न बरोबर होता, पण माझी हरकत त्याला वाटली तशी नव्हती. या सिनेमांत अशक्य गोष्टी दाखवतात याची मला मुळीच तक्रार नाही. माणूस उडतो, मुंगीएवढा होतो, कोळ्याने चावल्यावर भिंत चढतो, अंतराळात हवा नसतानाही यानांचे स्फोट ढगफुटीसारखे गडगडतात, हे सगळे मी तिकिटाच्या पैशांबरोबर मान्य करून आत जातो. मला खटकते ते वेगळेच. मोडलेल्या शहराचा ढिगारा पुढच्या दृश्यात नाहीसा झालेला असतो. कोणी उचलला, कोणाच्या खर्चाने उचलला, त्यात कोणाचा संसार होता, याचा पत्ता नसतो. आमच्या धंद्यात ढिगारा हा शेवट नसतो, तेथून काम सुरू होते.

अर्थात हा प्रश्न मला एकट्यालाच पडला होता असे मानणे बरोबर ठरणार नाही. पुतण्याने मला शिक्षा म्हणून की काय, २००४ चा ‘द इन्क्रेडिबल्स’ हा पिक्सारचा अ‍ॅनिमेशनपट घरी लॅपटॉपवर दाखवला आणि मी अक्षरशः उठून बसलो. त्यात आत्महत्या करू पाहणाऱ्याला वाचवले म्हणून तोच माणूस नायकावर दावा ठोकतो, मग आगगाडीतले जखमी प्रवासी ठोकतात, दाव्यांची रांग लागते आणि शेवटी सरकार सगळ्या सुपरहिरोंना सामान्य माणसांसारखे लपून राहायला लावते. नायकाला नोकरी मिळते ती कुठे, तर विमा कंपनीच्या क्लेम खात्यात. खुराड्याएवढ्या जागेत खुर्चीत न मावणारा तो धिप्पाड माणूस, क्लेम नाकारला गेलेल्या एका म्हातारीला कोणता फॉर्म भरून कोणत्या मजल्यावर कोणाला भेटायचे ते हळू आवाजात सांगतो आणि वर ‘आता रागावल्याचे नाटक करा’ असेही सुचवतो. सुपरहिरोच्या कितीतरी पराक्रमांपेक्षा मला हा मोठा वाटतो. मी स्वतः असा कधी कुजबुजलो की नाही, ते येथे लिहिणार नाही.

पुढे ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ काढणाऱ्या मार्व्हलवाल्यांनाही ढिगाऱ्याची आठवण झाली. २०१७ च्या ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ची सुरुवातच २०१२ च्या त्या न्यूयॉर्कमधल्या लढाईनंतरच्या साफसफाईने होते. भंगार उचलण्याचे कंत्राट एका माणसाने घेतलेले असते, त्यासाठी त्याने ट्रक घेतलेले असतात, नवी माणसे कामावर ठेवलेली असतात. आणि एके दिवशी सरकारी खाते येऊन सांगते की यापुढे हे काम आम्ही करणार, तुम्ही निघा. मायकेल कीटनने केलेला हा कंत्राटदार पुढे खलनायक होतो. सिनेमाचा नायक दुसरा होता हे मला ठाऊक आहे, पण हातातोंडाशी आलेले काम सरकारी कागदाने गेलेला माणूस मी इतक्यांदा पाहिला आहे, की त्या रात्री माझी सहानुभूती कोणाकडे होती हे सांगायला नको.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. विम्याचा पाया असलेले एक तत्त्व आहे, ज्याला क्षतिपूर्ती म्हणतात. नुकसान होण्याच्या आदल्या क्षणी तुम्ही जेथे होतात, तेथे तुम्हाला परत नेऊन ठेवायचे; त्याहून मागे नाही आणि त्याहून पुढेही नाही. पहिल्यांदा हे शिकलो तेव्हा मला कळले नव्हते, पण ही कल्पना म्हणजे शुद्ध कालयंत्र आहे. गेलेला क्षण परत आणून देण्याचे वचन पृथ्वीवर दोघेच देतात, विज्ञानपट आणि विमा. फरक एवढाच की आम्ही त्यातून घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याने घटलेली किंमत, वजा करतो. गाडीचा रबरी, प्लॅस्टिकचा किंवा नायलॉनचा भाग गेला तर पन्नास टक्के कापायचे, फायबरग्लासला तीस टक्के, पत्रा आणि इतर धातू असेल तर गाडीच्या वयाप्रमाणे. काचेला मात्र घसारा लावत नाहीत. जुनी काच फुटली तर नव्या काचेची पूर्ण किंमत मिळते, कारण काच वयाने झिजत नाही. ती असते किंवा नसते. या नियमात मला नेहमी कवितेसारखे काहीतरी वाटत आले आहे, पण अहवालात ते लिहिण्यासाठी रकाना नसतो.

तर माझी कसोटी ही आहे, की सिनेमाने हवे ते परत आणावे, मेलेला माणूस, बुडालेले शहर, गेलेला काळ, पण घसारा वजा करून आणावे.

१९७८ चा ‘सुपरमॅन’ मी शाळेत असताना, म्हणजे तो आमच्याकडे बराच शिळा होऊन पोहोचल्यावर पाहिला. भूकंपात गाडीसह गाडली जाऊन नायकाची प्रेयसी लोइस मरते आणि मानवाच्या इतिहासात ढवळाढवळ करायची नाही ही बापाची आज्ञा मोडून सुपरमॅन पृथ्वीभोवती इतक्या वेगाने फिरतो, की पृथ्वी उलटी फिरू लागते, काळ मागे जातो आणि लोइस जिवंत होते. बारा वर्षांचा असताना मी टाळ्या वाजवल्या होत्या. आज तोच प्रसंग पाहताना मला वाटते की हा क्लेम कोणी मंजूर केला? आज्ञा मोडली त्याचे पुढे काय झाले? काहीच नाही. लोइसला तर आपण मेलो होतो याचा पत्ताही नाही. शंभर टक्के भरपाई, घसारा शून्य, आणि हप्ता कोणी भरला तेही कळत नाही. सुपरमॅन झालेला क्रिस्टोफर रीव्ह इतका लोभस माणूस होता, की त्याने डोळ्यांत डोळे घालून दिलेली थाप खपून गेली, एवढेच.

त्याउलट १९८७ चा ‘मिस्टर इंडिया’ पाहा. शेखर कपूरच्या त्या सिनेमात अदृश्य होण्याचे कडे मिळते, पण लाल प्रकाशात माणूस दिसतो. एवढी एकच अट, आणि तिच्यावर सगळी गंमत उभी आहे. लाल काच आली की थिएटरमधला प्रत्येक माणूस आपोआप सावरून बसायचा. विज्ञानाच्या दृष्टीने ती अट कितपत टिकेल याच्याशी मला कर्तव्य नाही. सुरुवातीलाच सांगितलेली अट पुढे पाळली, हे महत्त्वाचे. आपल्या पुराणांना हे फार आधीपासून माहीत होते. तेथे वर कधीच सरसकट मिळत नाही. हिरण्यकश्यपूने तर घरात नाही-दारात नाही, दिवसा नाही-रात्री नाही अशी कलमे इतकी बारकाईने घालून घेतली होती, की एखाद्या निष्णात विमेदाराने त्याच्याकडे शिकवणी लावावी. आणि तरीही उंबरठा आणि तिन्हीसांज एवढी फट राहिलीच. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेला आमच्या लहानपणीचा वेताळ तर याहून पुढचा. त्याला कसलीही दैवी शक्ती नव्हती. जंगलातले लोक त्याला अमर समजत, पण वाचकाला खरे ठाऊक असे, की हा एकविसावा आहे आणि त्याच्या आधीचे वीस जण त्याच कवटीच्या गुहेत पुरलेले आहेत. अमरत्वाचा इतका चोख हिशेब ठेवलेला मी नंतर फारसा पाहिला नाही.

अट आधी सांगावी यालाही आमच्याकडे तत्त्व आहे. विमा हा पराकोटीच्या विश्वासावरचा करार असतो. जोखमीवर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट विमेदाराने सुरुवातीलाच उघड करायची असते, आगीनंतर नव्हे. २०१५ चा ‘द मार्शियन’ मला याच कारणाने आवडला. त्याच्या आरंभी मंगळावर जे भयंकर वादळ येते आणि ज्यामुळे नायक एकटा मागे राहतो, ते मुळात शक्य नाही, कारण मंगळावरच्या वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याने तेथला जोराचा वारासुद्धा माणसाला उडवून देऊ शकत नाही. ज्याच्या कादंबरीवर हा सिनेमा बेतला त्या अँडी वीअरने हे स्वतः मोकळेपणाने मान्य केलेले आहे. पण ही थाप पहिल्या काही मिनिटांत देऊन होते, आणि त्यानंतर सिनेमा एखाद्या इमानदार कोठावळ्यासारखा वागतो. किती दिवस काढायचे आहेत, किती डबे शिल्लक आहेत, किती बटाटे पेरले, पाणी कशापासून तयार केले, हे सगळे नायक मोजत बसतो आणि आपल्यालाही मोजायला लावतो. पुढे एअरलॉक फुटून सगळे पीक गोठून जाते तेव्हा मला जे वाईट वाटले, ते अनेक नायिकांच्या मृत्यूनेही वाटलेले नाही, कारण त्या पिकाची मोजदाद माझ्याकडे होती. याच न्यायाने सर्वांत प्रामाणिक विज्ञानपट म्हणून १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’चे नाव घेतात, अंतराळातली शांतता त्यात खरोखरच शांत आहे, हेही मला मान्य आहे, पण त्या शांततेत मी दोन वेळा झोपी गेलो, तेव्हा त्याच्याविषयी मत देण्याचा मला अधिकार नाही.

घसाऱ्याचा विषय निघाला की मला ‘इंटरस्टेलर’पाशी थांबावे लागते. २०१४ मध्ये तो पाहिला तेव्हा अर्धा कळला नव्हता. एका प्रचंड कृष्णविवराजवळच्या ग्रहावर काळ इतका संथ चालतो, की तेथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. हे ऐकताच माझे डोके भलतीकडेच गेले, कारण सात वर्षे हा आकडा आमच्या रोजच्या वापरातला आहे. ज्याची खबर ज्यांना मिळायला हवी त्यांना सात वर्षे मिळालेली नाही, तो मृत झाला असे आपला कायदा गृहीत धरतो, आणि बेपत्ता माणसाच्या आयुर्विम्याचे पैसे त्याच्या बायकोला मिळण्याचा रस्ता तेथून उघडतो. म्हणजे त्या ग्रहावर एक तास पाण्यात उभे राहा, की तुम्ही घरी कायद्याने मेल्यात जमा. नायक तेथे उतरतो, एका लाटेचा अंदाज चुकतो, इंजिनात पाणी जाते, आणि तो यानावर परत येतो तेव्हा तेवीस वर्षे उलटून गेलेली असतात. मग तो पडद्यासमोर बसून मुलांनी पाठवलेले निरोप एकामागून एक पाहतो. मुलगा मोठा होतो, त्याला मूल होते, आजोबा वारल्याचे तो सांगतो, आणि शेवटी मुलगी येते, जी बाप सोडून गेला तेव्हाच्या त्याच्या वयाची झालेली असते. या दृश्यात कोणी उडत नाही, काही फुटत नाही. एक माणूस खुर्चीत बसून घसाऱ्याचा तक्ता वाचतो आहे.

ककुद्मी राजाची गोष्ट सांगितल्याशिवाय मराठी माणसाला हा सिनेमा पाहता येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ती सापेक्षतावादाचा पुरावा म्हणून फिरते हेही मला माहीत आहे. रेवतीला वर शोधावा म्हणून तिला घेऊन हा राजा ब्रह्मलोकी गेला, तेथे गाणे चालले होते म्हणून संपेपर्यंत थांबला, आणि मग ब्रह्मदेवाने हसून सांगितले की तुझ्या मनातले सगळे वर, त्यांची मुले आणि नातवंडेही काळाच्या पोटात गेली, कारण तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगे होऊन गेली आहेत. पुराणकाराला समीकरणे येत होती असे मला वाटत नाही आणि ती येण्याची गरजही नव्हती. त्याला एवढेच सुचले, की घरी परतायला उशीर झालेल्या माणसाचे काय होते? राजा परत आला तेव्हा माणसे खुजी झाली होती, म्हणून उंच रेवतीला बलरामाने नांगराच्या टोकाने खाली ओढून आपल्या मापाची केली, असा पुढचा तपशील आहे. परत आलेली वस्तू नव्या जगात बसवताना थोडी ठोकठाक करावी लागते, हे त्याला कळत होते. माझ्या मते हे समीकरणापेक्षा अवघड आहे.

‘इंटरस्टेलर’मधले कृष्णविवर काढताना ज्यांनी शास्त्रज्ञ म्हणून मदत केली त्या किप थॉर्न यांना २०१७ मध्ये गुरुत्वलहरींच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि त्याच लहरी टिपणारी लायगो या प्रकल्पाची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात व्हायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेली ही वेधशाळा जेथे उभी राहणार, त्याच जिल्ह्यात मी एकदा हळदीच्या जळालेल्या गोदामाच्या कामासाठी चार दिवस राहिलो होतो. अर्थात ‘कृष्णविवर’ हा शब्द मला त्याच्या कितीतरी आधी मिळाला होता. आमच्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला याच नावाची कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून, कारण परीक्षकांनी नावाकडे पाहून बक्षीस द्यायला नको होते. कथेला पहिले बक्षीस मिळाले. महत्त्वाची गोष्ट लपवल्याचे हे एकच प्रकरण मला पूर्ण मान्य आहे.

आता २०१९. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ लागला. आदल्या वर्षीच्या सिनेमात थॅनॉस नावाच्या खलनायकाने चुटकी वाजवून विश्वातले अर्धे जीव नाहीसे केले होते, आणि या सिनेमात ते परत आणायचे होते. मी फार अपेक्षा न ठेवता गेलो आणि चकित होऊन बाहेर आलो, कारण या मंडळींनी घसारा वजा केला होता. गेलेले लोक परत येतात, पण ज्या क्षणी गेले त्या क्षणी नाही. पाच वर्षांनी येतात. मधल्या पाच वर्षांत जे जन्मले, जे जुळले, ते पुसायचे नाही, अशी टोनी स्टार्कची, म्हणजे आयर्न मॅन या नायकाची, अट असते, कारण त्याच काळात त्याला मुलगी झालेली असते. ती अट सगळ्यांना पाळावी लागते आणि शेवटी तिची किंमत तोच चुकवतो. त्याच वर्षीच्या पुढच्या स्पायडर-मॅनमध्ये तर परत आलेली नायकाची काकू सांगते, की ती स्वतःच्या घरात प्रकट झाली तेव्हा तेथे दुसरेच कुटुंब राहत होते. सगळ्या विश्वातल्या घरांचा ताबा, भाडेकरार आणि वारसहक्क यांचा असा गुंता एका वाक्यात उघडून दाखवल्याबद्दल मी त्या लेखकांना मनोमन नमस्कार केला. आपल्याकडे हे घडले असते तर पाच वर्षे म्हणजे सात नव्हेत, या मुद्द्यावर आयुर्विम्याचा एकही दावा अजून मिटलेला नसता, ही एक सोय झाली असती.

त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. पाणी ओसरल्यावर पुढचे काही महिने मी गणपती पेठ, मारुती चौक या भागांतल्या दुकानांतून फिरत होतो. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आहे ते टेपने मोजायचे, फोटो काढायचे, भिजलेल्या मालाची यादी करायची, वह्या चिखलाने चिकटलेल्या असल्या तर जीएसटीच्या विवरणपत्रांवरून साठा काढायचा. एका फोटो स्टुडिओत गेलो. मालक माझ्याहून मोठे, साठीच्या पुढचे. कॅमेरे, प्रिंटर, फर्निचर यांची यादी झाली. मग त्यांनी मला आतल्या खोलीत नेले. तेथे पत्र्याच्या कपाटात वर्षांप्रमाणे लावून ठेवलेली निगेटिव्हजची पाकिटे होती, आणि सगळी मिळून एकच लगदा झाला होता. “साहेब, अर्ध्या सांगलीची लग्नं आहेत यात,” ते म्हणाले.

कागदपत्रे, हस्तलिखिते, नकाशे, नोंदी अशा गोष्टी वेगळ्या नमूद करून घेतल्या नसतील, तर त्या पॉलिसीत धरल्या जात नाहीत. त्यांनी नमूद केल्या नव्हत्या; कोणी करतही नाही. मी कपाटाची किंमत धरली, त्याच्यावर वयाप्रमाणे घसारा लावला आणि पाकिटांपुढे शून्य लिहिले. बाहेर पडताना त्यांनी मला चहा दिला, कारण शेजारच्या टपरीवर त्याच दिवशी पुन्हा चहा सुरू झाला होता. अर्धे म्हणजे किती, हे मला चुटकी वाजवणाऱ्या त्या जांभळ्या राक्षसाने नीट कळू दिले नव्हते. ते त्या कपाटापुढे कळले. सिनेमाला नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही; उलट एप्रिलमध्ये तो पाहिला नसता, तर त्या म्हाताऱ्यांच्या वाक्यातला ‘अर्ध्या’ हा शब्द माझ्या इतका लक्षातही राहिला नसता.

‘एंडगेम’नंतर मात्र या लोकांनी जे केले त्याला आमच्या धंद्यात नाव आहे. मोटार विम्यात थोडा जास्त हप्ता भरून ‘झिरो डेप’ घेता येते, म्हणजे घसारा वजा न करता सुट्या भागांची पूर्ण किंमत मिळते. मल्टिव्हर्स म्हणजे हेच. समांतर विश्वे अगणित आहेत, प्रत्येकात प्रत्येकाची एक प्रत आहे, एक मेली तर दुसरी आणायची. गाडी नवी असताना झिरो डेप घेणे शहाणपणाचे असते, पण ज्या गाडीला आपण कोणत्या क्षणी काय होईल म्हणून जपतो, तिचा ड्रायव्हर आणि ज्याला सगळे भरून मिळणार आहे असा ड्रायव्हर यांच्या चालवण्यात फरक पडतो, हे मी हजारो गाड्या पाहून सांगतो. दुसरा खड्डा चुकवत नाही. आताचे सुपरहिरोपट मला तसे वाटतात; ते खड्डे चुकवत नाहीत.

२०१७ मध्ये आलेला ‘लोगन’ हा त्यांतला अपवाद, आणि मला विचाराल तर या सगळ्या पसाऱ्यातला सर्वांत चांगला सिनेमा. ज्याची कोणतीही जखम क्षणात भरून येई त्या वूल्व्हरिनची, म्हणजेच लोगनची, जखम आता भरत नाही. ज्या धातूने त्याची हाडे अभेद्य केली तोच त्याच्या अंगात विषासारखा भिनला आहे. तो लंगडतो, खोकतो, भाड्याची लिमोझिन चालवतो आणि बारीक अक्षर वाचायला चश्मा लावतो. एखाद्या सुपरहिरोला वाचण्याचा चश्मा लावण्याचे धैर्य ज्याला झाले, त्या जेम्स मँगोल्ड या दिग्दर्शकाला माझ्या लेखी बाकीचे सगळे माफ आहे. सिनेमाच्या शेवटी लोगन मरतो, त्याला पुरतात, आणि मला वाटले की चला, एक फाइल तरी व्यवस्थित बंद झाली. २०२४ मध्ये ‘डेडपूल अँड वूल्व्हरिन’च्या पहिल्याच प्रसंगात दुसरा नायक ती कबर उकरतो, हाडांचा सांगाडा बाहेर काढतो आणि त्याच हाडांनी मारामारी करतो. सगळे थिएटर हसत होते, पुतण्याही हसत होता, आणि खरे सांगायचे तर मीही हसलो, कारण प्रसंग बेतलाच तसा होता. पण सॅल्व्हेजचा, म्हणजे नुकसानीतून उरलेल्या मालाचा, लिलाव मालकाच्या घरच्यांसमोर करू नये, असा आमच्याकडे एक अलिखित संकेत आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘इंटरस्टेलर’ पुन्हा लागला, तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने मला मुद्दाम बोलावून घेतले. पहिल्यांदा आम्ही तो पाहिला तेव्हा तो माझ्या खांद्याला लागत होता. आता अंधारात पायऱ्या दिसत नाहीत म्हणून त्याने माझे कोपर धरले. निरोपांचे ते दृश्य आले तेव्हा तो माझ्याकडे वळून काहीतरी विनोद करेल असे मला वाटले होते, पण तो काही बोलला नाही. मी त्याच्याकडे पाहिले नाही. मध्यंतरात त्याने सांगितले, की रॉबर्ट डाउनी ज्युनिअर परत येतो आहे, टोनी स्टार्क म्हणून नव्हे, डॉक्टर डूम नावाचा खलनायक म्हणून. २०२४ च्या जुलैतच कंपनीने तसे जाहीर केले आहे.

“म्हणजे चॅसी जुनी, बॉडी नवी,” मी म्हणालो.

“काका, येणार ना पण?”

येईन म्हणालो, फक्त तिकीट कडेचे काढ. तीन तास गुडघा दुमडून ठेवणे आता जमत नाही.